आडोशामागची हाक

गोळी उदयसिंहाच्या डाव्या कानाखाली, मास्कची कड संपते तिथे येऊन फुटली आणि हिरवा गिळगिळीत रंग कॉलरच्या आत उतरला. चटका बसला; पण तो जागच्या जागी थिजला तो चटक्यामुळे नाही. गोळी लागायच्या क्षणभर आधी त्याने मागे वळून शिखाकडे पाहिलं होतं. वीसेक पावलांवर, रचलेल्या टायरांच्या आडोशाला ती गुडघ्यावर बसली होती आणि तिचं सगळं अंग ओरडत होतं. मान पुढे ताणलेली, एक हात हवेत, खांदे हलताहेत. आवाज मात्र नव्हता. तिच्या तोंडावर काळा मास्क होता. त्यामागे काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, आणि जे दिसत नव्हतं ते त्याला ऐकूही येत नव्हतं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे त्याच्या तोवर कधी मनात आलं नव्हतं.

हात वर करून तो मैदानाबाहेर आला. शिखा मागोमाग आली, जाळीबाहेर पाऊल पडताच तिने मास्क कपाळावर सरकवला आणि तिचं बोलणं, जणू मधेच कुणी बटण दाबावं तसं, सुरू झालं. "भिया, मी किती चिल्लावून राहिले होते! लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट! तीनदा!" लालबुंद चेहरा, कपाळाला चिकटलेले केस, आणि शब्दन् शब्द स्वच्छ. "मास्कमध्ये आवाज नाही येत गं नीट," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांना तर येतो," ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली उचलून दुसरीकडे तोंड करून आणखी काहीतरी म्हणाली. ते काय, हे त्याला कळलं नाही. पूर्वी तो अशा वेळी नुसती मान हलवायचा. त्या दिवशीही हलवली. पण आपण मान हलवतो आहोत हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

तुकोगंज भागात नकाशे तयार करणारी एक कंपनी होती, तिथे उदयसिंह एकोणतीस वर्षं होता. आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर, पण काम तेच: गावांच्या हद्दी, नाले, पांदणी. बाकीची टीम त्याच्या निम्म्या वयाची, त्याला भिया, म्हणजे दादा, म्हणणारी. ऑफिसच्या सहलीत गंमत म्हणून मार्कर, म्हणजे रंगगोळ्यांची ती बंदूक, त्याच्या हातात दिली, तर त्याने ओळीने मांडलेले नऊच्या नऊ डबे पाडले. हात हलत नव्हता, नकाशावाल्याचा हात. शिखाने तिथेच त्याला टीममध्ये घेतलं. फेब्रुवारीत शहरातल्या कंपन्यांची स्पर्धा होती आणि शिखा ती जिंकायचीच म्हणून बसली होती. राजेंद्र नगरातल्या मराठी घरातली मुलगी, वय अठ्ठावीस, मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरायची तिचं तिला कळायचं नाही, पण ड्रिलच्या बाबतीत सुभेदारापेक्षा कडक. दर रविवारी सकाळी सातला राऊच्या पुढच्या त्या माळावर सगळे हजर. आधी नुसतं डोकावणं: आडोशातून डोकं काढा, एक गोळी मारा, आत या, आणि पुन्हा डोकावताना तीच जागा नाही, एकदा वरून, एकदा गुडघ्याजवळून. मग शिट्टीवर पळणं. मग पळता पळता नेम, पावलं लहान, कंबरेवरचं अंग स्थिर. मग डाव्या हाताने नेम, कारण उजव्या हाताने मारणाऱ्याचं निम्मं अंग डाव्या कडेने उघडं पडतं. आणि सर्वांत शेवटी हाकेचं ड्रिल. पुढच्याने फक्त एक बाजू धरायची, दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही. दुसरी बाजू मागच्याची. मागचा ओरडेल त्यावर पुढच्याने डोळे झाकून विश्वास ठेवायचा. "बघायचं नाही, ऐकायचं," शिखा बजावायची. "जो मुडके देखेगा वो मरेगा."

आणि तो वळून बघायचा. दर वेळी. शिट्टीवर पळतानाही तो बाकीच्यांपेक्षा अर्धा क्षण मागे राहायचा. त्याला वाटायचं गुडघे. आता घरी परतताना स्कूटरवर त्याला उमगलं, की त्याने ती शिट्टी कधी ऐकलीच नव्हती. दुसऱ्यांचे पाय हलले की तो पळत होता.

पुढच्या रविवारी ते आणखी स्पष्ट झालं. सराव सामना होता. उदयसिंह पुढे, त्याच्या उजवीकडे देवांश नावाचा ऑफिसातलाच चोवीस वर्षांचा पोरगेला इंजिनिअर, मागे शिखा. शिखाची हाक उदयसिंहाने पुढे देवांशला पोचवायची, असं ठरलेलं. हाक आली असणार. उदयसिंहाला वारा ऐकू आला, स्वतःचा श्वास ऐकू आला, गोळ्यांचा फटफट आवाज ऐकू आला. मग देवांश पालथा पडला, दोन हातांच्या अंतरावरून मारलेल्या तीन गोळ्या पाठीत घेऊन. बाहेर आल्यावर त्याने शर्ट वर करून दाखवला. तीन लाल गोल, मधोमध पांढरट. "भिया, वो गला फाड़ रही थी," तो म्हणाला. रागापेक्षा त्याच्या आवाजात आश्चर्य जास्त होतं.  शिखा मास्क पुसत राहिली. मग एवढंच म्हणाली, "पुढच्या संडेला फायनल नावं द्यायची आहेत. बघते मी." आणि खाली मान घालून म्हणाली म्हणून निम्मं त्याने अंदाजाने जुळवलं. अंदाजाने जुळवणं त्याला छान जमत होतं. कुठून शिकला होता ते आठवायला त्याला फार मागे जावं लागलं नाही.

आबा, म्हणजे त्याचे वडील पांडुरंग, कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर, होते. आजोबा होळकरांच्या फौजेत, आबा गिरणीत. चारशे साचे एका छताखाली धडधडत असत; लहानपणी एकदा डबा द्यायला गेलेल्या उदयसिंहाला दारातच वाटलं होतं, की आपले दात हलताहेत. आत कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि सगळे बोलत होते. ओठ हलवायचे, रुंद, सावकाश. त्याला हातांची जोड. हनुवटीवरून बोट ओढलं की चहा. दोन बोटं कपाळाला टेकवली की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. पोटावर तळवा गोल फिरवला की घरी बाळंतपण आहे. बारा-पंधरा वर्षांत आबांचे कान गेले, आणि गेले हे घरात कुणाला फारसं जाणवलंच नाही, कारण तोवर आई ती भाषा शिकली होती. जेवताना घर शांत असायचं, पण ती शांतता गजबजलेली होती. आई भाकरी थापता थापता नुसत्या भुवईने विचारायची, आबा अंगठ्याने उत्तर द्यायचे, आणि मधेच दोघं हसायचे. मुलाला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

आणि काय मजा होती त्या दिवसांत! सुट्टीच्या दिवशी आबा त्याला घेऊन चौकातल्या ओट्यावर बसायचे आणि रस्त्यापलीकडची माणसं वाचायचे. "तो पगडीवाला बघ. म्हणतोय, सायकल परत कर नाहीतर भावाला सांगेन. ती बाई म्हणते, तुझा भाऊच घेऊन गेला." दहा-बारा वर्षांचा उदयसिंह हसून हसून ओट्यावर लोळायचा. पुढे तो स्वतःही वाचायला लागला, चुकायचा, आबा गालावर टिचकी मारून दुरुस्त करायचे. चतुर्थीला खजराण्याच्या गणपतीला जायचे तेव्हा पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, मधे ढोल, घंटा, हारवाल्यांचा गोंगाट. आणि त्या गर्दीच्या डोक्यावरून आई-आबा निवांत गप्पा मारत असायचे. आई विचारायची, नारळ एक घेतला की दोन. आबा सांगायचे, दोन, आणि तुझ्या पुढच्या बाईचा पदर सुटलाय, तिला सांग. आबांच्या खांद्यावर बसलेल्या लहानग्या उदयसिंहाला वाटायचं, एवढ्या हजारो माणसांत ही गोष्ट फक्त आम्हा तिघांना येते.

ते नेमकं कधी संपलं? गिरणी बंद पडली त्या सुमारास. तो कॉलेजात होता. आबा घरी बसले, आणि गिरणीबाहेर त्यांचं ते रुंद तोंड करून बोलणं, हात हलवणं, दुकानदारावर ओरडल्यासारखा चढा आवाज, हे सगळं एकदम उघडं पडलं. मित्र दारात आले की तो आबांकडे पाठ करून बोलायला लागला. पाठ केली की आबांचं ऐकणं बंद. किती सोपं होतं ते. तो पाठ करून आईशी त्यांच्याबद्दलच बोलायचा, आणि आबा मागे हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत बसायचे, कधी हा वळतो.

त्या आठवड्यात उदयसिंह घरात चोरासारखा वावरला. कुकरची शिट्टी कधी होते ते पाहायला स्वयंपाकघराबाहेर उभा राहिला. पलीकडच्या खोलीत जाऊन स्वतःच्या मोबाइलवर दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. त्याची बायको शोभना भाजी निवडत होती, तिने तीन दिवस हे पाहिलं आणि चौथ्या दिवशी विळी बाजूला सारून म्हणाली, "मला माहितीय."

"काय माहितीय?"

"कमी येतं ते. डाव्यात जास्त. दोन वर्षं झाली मी जेवायला तुमच्या उजवीकडे बसते. तुमच्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. त्याने आठवून पाहिलं. खरंच, पूर्वी ती खिडकीकडे बसायची. टीव्ही बघताना, स्कूटर काढताना, रस्त्याने चालताना. सगळीकडे ती उजवीकडे सरकली होती, आणि बोलताना त्याच्यासमोर येऊन थांबायची. त्याला वाटायचं, वय वाढलं तशी ही जास्त मायाळू झाली आहे. "मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले," ती म्हणाली. "आबांसारखं होतंय का, ह्या भीतीने तुम्ही बोलत नाही असं वाटलं. वाट पाहिली."

दुसऱ्या दिवशी तीच त्याला ऑफिसजवळच्या कानांच्या दवाखान्यात घेऊन गेली. एक छोटी खोली होती, भिंतींना मऊ काहीतरी लावलेलं, जाड दार. कानांवर हेडफोनचे गोल बसवून तिथल्या बाईंनी सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. दार लागलं आणि उदयसिंह आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण शांत जागी बसला. सुरुवातीला घुमणारे जाड आवाज आले, त्याने दाबलं. मग मधले आले. मग काही आलंच नाही, कितीतरी वेळ, आणि काचेपलीकडे बाईंचा हात मात्र हलत होता. म्हणजे आवाज जात होते. तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला. असेच आबा एका संध्याकाळी बसले होते, नुसत्या काळोखात.

ती संध्याकाळ त्याने तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. गिरणी पुन्हा सुरू व्हायची का, ह्यावर कामगारांची सभा होती. दिवेलागणीला आबा म्हणाले, चल माझ्याबरोबर. ते काय बोलतात ते तू माझ्याकडे तोंड करून सांग. भाषण करणारा लांब, त्याच्या तोंडापुढे माइक. मला वाचता नाही येणार. शेकडो लोकांत आबांपुढे उभं राहून तोंडं करायची, ह्या कल्पनेनेच उदयसिंहाच्या अंगावर काटा आला. नाही म्हणाला. आबांनी पुन्हा विचारलं, मग समजावलं, मग हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, आणि ते त्याला सहन झालं नाही. त्याने हात लांब करून बटण दाबलं. खोलीत अंधार झाला. वाद संपला, अंधारात आबांना उत्तर देणं शक्य नव्हतं आणि त्यांनी मागणंही. पण ते बोलत राहिले. बराच वेळ. समोर कुणी आहे की नाही हेही त्यांना कळत नव्हतं. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग ते चाचपडत चपला शोधून एकटे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुलावर चढले, फ्यूज काढून तार बघितली. तार शाबूत होती. त्यांनी फ्यूज परत लावला, खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं.  पुढे सोळा वर्षं जगले, त्याच्याशी सगळं बोलले, हे नाही बोलले.

खोलीचं दार उघडलं. डॉक्टरांनी उतरती रेघ असलेला कागद दाखवला. उंच आवाज गेले आहेत, स, श, फ, बायकांच्या हाका, शिट्ट्या, पक्षी. तुम्ही ओठ बघून भरून काढता, फार चांगलं काढता, म्हणून इतके दिवस निभावलं. कानाचं मशीन लावा, दोन आठवड्यांत येईल. पार्किंगमध्ये स्कूटरपाशी उभं राहून उदयसिंहाने शोभनाला ती अंधाराची गोष्ट सांगितली. सांगताना त्याने तोंड तिच्याकडेच ठेवलं. ती काही समजूत घालायला गेली नाही. नुसती म्हणाली, "फ्यूज बघितला म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तुम्ही तसं करणार नाही." मग तिने त्याच्या हातातली किल्ली घेतली. "मागे बसा. मी चालवते."

रविवारी तो सगळ्यांच्या आधी माळावर पोचला. शिखा आली, टायर मोजायला लागली, तेव्हा तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि एका दमात सांगून टाकलं. मास्क घातला की तुझा आवाज मला येत नाही. देवांशचा थोडा येतो, तुझा अजिबात नाही. टीममध्ये दुसऱ्याला घे. त्याला वाटलं होतं, ती हळहळेल. तिचे डोळे एकदम भरून आले, पण रागाने. "दोन महिने, भिया! दोन महिने मी घरी जाऊन विचार करत होते की हे देवांशचं ऐकतात, माझं का नाही ऐकत. मला वाटलं लडकी है, छोटी है, इसका क्या सुनना. ऑफिसात बाकीचे करतात तसं. तुमच्याकडून मला ते अपेक्षित नव्हतं, म्हणून आणखी लागलं."  असं काही समोरच्याच्या बाजूला साठत असेल, हे उदयसिंहाच्या हिशेबातच नव्हतं. "चुकलं," तो म्हणाला. "आधी सांगायला हवं होतं." तिने बाहीने नाक पुसलं. "पहले बोलते ना. ड्रिलच वेगळं बसवलं असतं."

आणि तिने बसवलं. हाक बंद. देवांश उदयसिंहाच्या पाठीशी, एकाच आडोशात, एक उभा, एक गुडघ्यावर. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर म्हणजे उजवीकडे, पाठीत जोरात म्हणजे पळ. पहिल्या तासाभरात त्यांची डोकी चारदा आपटली. देवांश घाईत उजवं-डावं विसरायचा. एकदा त्याने नुसताच तोल सावरायला हात टेकवला आणि उदयसिंह तीरासारखा उघड्या मैदानात धावत सुटला. शिखा पुन्हा म्हणायची, पुन्हा. एका आडोशात दोघं म्हणजे एका झटक्यात दोघं बाद, हा धोका तिला दिसत होता. म्हणून आडोसा बदलण्याचं ड्रिल तिने वीस-वीसदा करून घेतलं. तिसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटल्यावरही सगळे माळावर येऊ लागले. हळूहळू उदयसिंहाची मान मागे वळायची थांबली. खांद्यावर थाप पडायची आणि नळी आपोआप तिकडे जायची. न बघता, न ऐकता. इतक्या वर्षांत कुणीतरी पाठीमागे आहे आणि आपल्याला काही जुळवायचं नाही, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं. कधी कधी दोन थापांच्या मधल्या शांततेत त्याला साचेखातं आठवायचं. तिथेही माणसं अशीच उभी असतील. आबा तिथे बहिरे नव्हते, सगळ्यांसारखे होते.

स्पर्धेच्या दिवसापर्यंत मशीन आलं नव्हतं. स्पर्धेत ते पहिला सामना जिंकले, दुसरा हरले. हरले ते रीतसर. समोरची टीम चांगली होती. उदयसिंह शेवटून दुसरा बाद झाला, छातीवर पिवळा रंग घेऊन, आणि बाहेर बसून त्याने शिखाला एकटीने तिघांशी झुंजताना पाहिलं. ती हरून आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता, पण दोघांना बाद करून आली होती. बाकीचे दोघं मोटारसायकलवरून गेले. हे तिघं देवांशच्या गाडीत. देवांश चालवायला, शेजारी उदयसिंह, मागे शिखा पाय वर घेऊन. खिडकीतून उन्हं येत होती, सगळ्यांच्या अंगाला रंगाचा आणि घामाचा वास. मागून शिखा काहीतरी म्हणाली आणि देवांश स्टिअरिंगवर हात आपटून हसला. उदयसिंहाचेही ओठ फाकायला लागले होते. दुसरे हसले की हसायचं, हे अंगवळणी पडलं होतं. त्याने ते आवरलं. पट्टा सैल करून तो पूर्ण मागे वळला.

"काय म्हणालीस? मला नाही आलं ऐकू. परत सांग."

 शिखा पुढे सरकली, दोन्ही सीटच्या मधे तोंड आणून पहिल्यापासून सांगू लागली. बांबूवर कुणीतरी वाळत घातलेलं ते जॅकेट होतं ना, पंचाचं. तर पहिल्या मॅचमधल्या त्यांच्या कॅप्टनने निम्मा वेळ त्या जॅकेटलाच माणूस समजून गोळ्या मारल्या. पंच नंतर त्याला ते जॅकेट धुऊन दे म्हणत होता. सांगून झालं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. देवांशही आरशातून बघत होता.

उदयसिंह हसला नाही. "त्यात काय आहे?" तो गंभीरपणे म्हणाला. "मीसुद्धा तीन मारल्या त्याला."

 हसता हसता देवांशला गाडी कडेला घेऊन थांबवावी लागली.